कडाक्याच्या थंडीत फिंच पक्ष्यांचा सांभाळ



निफाड-सिन्नर भागात डिसेंबर-जानेवारीत थंडीचा कडाका कसा असतो, हे वेगळे सांगायला नको. निफाडजवळील कुंदेवाडीच्या संशोधन केंद्रावर काही हिवाळ्यांत किमान तापमान ५ अंश सेल्सिअसच्याही खाली नोंदले गेले आहे. अशा पहाटे द्राक्षमण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून आपण बागेत शेकोट्या पेटवतो, विहिरीचे पाणी सोडतो. गोठ्यातल्या वासराच्या पाठीवर गोणपाट टाकतो. मात्र घराच्या पडवीत टांगलेल्या पिंजऱ्याकडे लक्ष जायचे राहून जाते.

अलीकडे मळ्यातल्या वस्त्यांवरही मुले हौसेने फिंच पक्षी पाळतात. उन्हाळा-पावसाळ्यात हे पक्षी छान राहतात आणि एखाद्या कडक थंडीच्या सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी मरून पडलेले आढळतात. ‘थंडीने गेले’ असे म्हणून आपण पिंजरा माळ्यावर टाकतो. प्रत्यक्षात निरोगी, भरल्या पोटाचा आणि कोरड्या पिसांचा फिंच बरीच थंडी सोसतो. त्याचा जीव जातो तो बहुधा तीन गोष्टी एकत्र आल्यामुळे. त्या म्हणजे वारा, ओल आणि उपाशी रात्र. या तिन्ही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत व त्या टाळण्यास फारसा खर्चही येत नाही.

कोणते पक्षी पाळावेत?

आपल्याकडे झेब्रा फिंच आणि बंगाली फिंच हे दोन प्रकार अधिक प्रमाणात पाळले जातात. झेब्रा फिंच मूळचा ऑस्ट्रेलियातील कोरड्या प्रदेशातला. नराच्या गालावर नारिंगी ठिपका असतो व चोच लाल असते. बंगाली फिंचचे नाव बंगाली असले तरी ही जात माणसाने पूर्वेकडे, मुख्यतः जपानमध्ये, पिढ्यान्पिढ्या पिंजऱ्यात वाढवून तयार केलेली आहे. हे दोन्ही पक्षी काटक आहेत. रंगीबेरंगी गोल्डियन फिंच थंडीला अधिक नाजूक असतो. कडक थंडीच्या भागात नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. आपल्या गवताळ बांधावर, ज्वारी-बाजरीच्या शेतात दिसणाऱ्या लाल मुनिया, ठिपकेवाल्या मुनिया हे आपल्याकडील वन्य पक्षी आहेत. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यानुसार त्यांना पकडणे, विकणे वा पाळणे हा गुन्हा आहे. बाजारात कोणी ‘देशी फिंच’ म्हणून मुनिया देऊ केल्यास घेऊ नये. रानातून पकडलेला पक्षी पिंजऱ्यात आधीच भेदरलेला असतो आणि पहिल्या थंडीतच दगावण्याचा संभव असतो.

लहान जिवाला थंडी जास्त का बाधते?

हंडाभर गरम पाणी सकाळपर्यंत कोमट राहते, पण कपभर चहा दहा मिनिटांत निवतो. वस्तू जितकी लहान, तितका तिच्या वजनाच्या मानाने बाहेरचा पृष्ठभाग जास्त आणि तितकी उष्णता लवकर निघून जाते. दीड किलोची कोंबडी आणि १३ ग्रॅमचा फिंच यांची तुलना केली, तर दर ग्रॅम वजनामागे फिंचच्या शरीराचा पृष्ठभाग कोंबडीच्या सुमारे पाचपट भरतो. शिवाय या पक्ष्याच्या शरीराचे तापमान ४० अंशांच्या पुढे असते. बाहेर ७ अंश आणि आत ४० अंश, हा फरक त्याला रात्रभर टिकवून धरावा लागतो.

हे काम दोन गोष्टींवर चालते. पहिली म्हणजे पिसे. पक्षी पिसे फुलवतो तेव्हा पिसांच्या थरात हवा कोंडली जाते आणि ती हवा गोधडीचे काम करते. वाऱ्याचा झोत लागला की ही उबदार हवा उडून जाते आणि पिसे भिजली तर ती कोंडून राहूच शकत नाही. म्हणून स्थिर, कोरड्या हवेतील ८ अंशांपेक्षा वाऱ्याच्या झोतातील १४ अंश पक्ष्याला अधिक जाचक ठरू शकतात.

दुसरी गोष्ट म्हणजे पोटातील दाणा. पक्षी संध्याकाळी गळ्याजवळच्या अन्नपिशवीत दाणे भरून घेतो आणि त्यावर व अंगावरच्या थोड्याशा चरबीवर रात्र काढतो. डिसेंबरअखेरीस आपल्याकडे दिवस जेमतेम ११ तासांचा व रात्र १३ तासांची असते. फिंच अंधारात खात नाही. म्हणजे चुलीत संध्याकाळी जेवढे सरपण घातले, तेवढ्यावरच सकाळपर्यंत धग टिकवायची आहे. सरपण कमी पडले तर पहाटे चार-पाचच्या सुमारास, नेमकी थंडी सर्वांत जास्त असताना, चूल विझते.

पिंजरा कोठे ठेवावा?

थंड हवा जड असते व ती खाली साचते. खोलगट भागातील द्राक्षबागेला थंडीचा फटका जास्त बसतो, हा आपला अनुभव आहे. हाच नियम घरातही लागू पडतो. म्हणून पिंजरा जमिनीवर किंवा थंड फरशीवर ठेवू नये. तो जमिनीपासून चार ते पाच फूट उंचीवर, एका बाजूने आतल्या भिंतीला टेकून ठेवावा.

हिवाळ्यात उत्तरेकडून व ईशान्येकडून येणारे वारे झोंबतात. त्या दिशेला तोंड असलेली पडवी, खिडकी, जिन्याखालची मोकळी जागा टाळावी. दाराच्या समोरासमोर पिंजरा ठेवू नये, कारण दार उघडताच थेट झोत बसतो. जागेची परीक्षा करण्याचा सोपा उपाय म्हणजे पिंजऱ्याच्या जागी दोऱ्याला बांधून एक हलके पीस टांगावे. पीस सतत हलत असेल तर ती जागा बदलावी.

सकाळचे कोवळे ऊन मिळेल अशी पूर्वेकडची जागा उत्तम. मात्र पिंजऱ्याचा अर्धा भाग सावलीत राहील असे पाहावे. आपल्याकडे हिवाळ्यातही दुपारी ऊन २८-३० अंशांपर्यंत चढते आणि पहाटे पारा ७-८ अंशांवर उतरतो. एका दिवसातील ही २० अंशांची तफावत पक्ष्याला संथ थंडीपेक्षा जास्त त्रास देते. म्हणून दिवसा पिंजरा अंगणात आणि रात्री उबदार खोलीत अशी रोजची ने-आण टाळावी. हिवाळ्यापुरती एकच बंदिस्त, हवेशीर जागा ठरवून घ्यावी.

शक्य असल्यास कमाल-किमान तापमापक पिंजऱ्याजवळ टांगावा व रोज सकाळी नोंद घ्यावी. पिंजऱ्याजवळचे किमान तापमान १५ अंशांच्या वर असेल तर निरोगी, सरावलेल्या झेब्रा व बंगाली फिंचसाठी वेगळी व्यवस्था लागत नाही. १० ते १५ अंशांत आच्छादन करावे. १० अंशांच्या खाली पारा जाऊ लागला की पिंजरा घरात घ्यावा किंवा उबेची सोय करावी. पिल्ले, आजारी पक्षी, पिसे गाळणारे पक्षी आणि नुकतेच विकत आणलेले पक्षी यांना मात्र २० अंशांच्या आसपास ऊब मिळाली पाहिजे.

आच्छादन कसे करावे?

संध्याकाळी दिवेलागणीला पिंजऱ्याच्या तीन बाजू व वरचा भाग स्वच्छ, कोरड्या गोणपाटाने किंवा जुन्या सुती चादरीने झाकावा. समोरची बाजू उघडी ठेवावी. प्लॅस्टिकच्या कागदाने पिंजरा गुंडाळू नये. पक्ष्यांच्या श्वासातील वाफ आत कोंडते, कागदाला आतून पाणी सुटते आणि पिंजरा ओलसर होतो. वारा थांबवायचा आहे, हवा थांबवायची नाही, एवढे लक्षात ठेवावे.

खताची अथवा कीटकनाशकाची वापरलेली गोणी कितीही धुतली तरी या कामी घेऊ नये. आच्छादन सूर्योदयानंतर लगेच काढावे, म्हणजे पक्षी लवकर दाणा टिपू लागतात. गोणपाट रोज उन्हात टाकावे. पिंजऱ्याच्या तळाचा कागद रोज बदलावा, कारण ओली विष्ठा व सांडलेले पाणी यांमुळे गारवा वाढतो व उग्र वास सुटतो.

बसण्यासाठी लोखंडी किंवा गुळगुळीत प्लॅस्टिकच्या दांड्यांऐवजी पेरू, कडुनिंब वा बाभळीच्या बोटाहून बारीक, काटे काढलेल्या फांद्या लावाव्यात. बसताना पक्ष्याची बोटे फांदीभोवती वळतील व पोटाची पिसे पायांवर येतील, अशी जाडी असावी. एक दांडी पिंजऱ्याच्या वरच्या भागात, आच्छादनाच्या आडोशाला असावी. पक्षी रात्री तेथेच बसतात. फिंच एकटा ठेवू नये. दोन-चार पक्षी रात्री एकमेकांना खेटून बसतात व ऊब वाटून घेतात.

आहार: खरी ऊब दाण्यात आहे

फिंचचे मुख्य धान्य राळा. त्यासोबत थोडी वरई सालीसह आणि बारीक दाण्याची बाजरी द्यावी. एक पक्षी दिवसाला साधारण ३ ते ४ ग्रॅम दाणे खातो. थंडीत ही गरज वाढते, म्हणून हिवाळ्यात दाणा मोजून-मापून देऊ नये.

येथे बरेच जण फसतात. फिंच दाणा सोलून खातो आणि टरफल भांड्यातच टाकतो. दिवसभरात भांडे फोलपटांनी भरून जाते. वरून पाहणाऱ्यास वाटते, भांडे तर भरलेले आहे. प्रत्यक्षात खाली एकही दाणा नसतो आणि पक्षी भरल्या भांड्यासमोर उपाशी राहतो. खळ्यावर धान्य उफणताना दाणा व भुसा वेगळा करणे आपल्याला शिकवायला नको. तेच येथे करायचे आहे. रोज दुपारी चारच्या सुमारास भांड्यावर फुंकर मारून फोलपटे उडवावीत व ताजा दाणा घालावा. हिवाळ्यात दुसरे काही जमले नाही तरी एवढे एक काम चुकवू नये. संध्याकाळचे हे शेवटचे दोन तास पक्षी रात्रीची शिदोरी भरून घेतो.

आहाराबाबत पुढील गोष्टीही पाळाव्यात.

१) तेलबियांत ऊर्जा जास्त असते. दर पक्ष्यामागे चिमूटभर कारळे (खुरासणी) आठवड्यातून तीन-चार वेळा द्यावेत. रोज भरपूर दिल्यास पक्षी लठ्ठ होतात व राळा खाईनासे होतात.

२) आठवड्यातून दोनदा उकडलेल्या अंड्याचा बारीक चुरा चमचाभर द्यावा. दोन-तीन तासांनी उरलेला काढून टाकावा.

३) चुन्याच्या गरजेसाठी समुद्रफेसाचा तुकडा पिंजऱ्याला कायम अडकवून ठेवावा.

४) कोथिंबीर, मेथी, पालक यांची पाने धुऊन, पाणी निथळून, दुपारी द्यावीत. द्राक्षबागेच्या बांधावरची अथवा फवारणी झालेल्या वाफ्यातील भाजी अजिबात देऊ नये.

५) पेरणीतून उरलेले, औषध चोळलेले रंगीत बियाणे आणि साठवणुकीच्या गोळ्या ठेवलेल्या कोठीतील धान्य पक्ष्यांना घालू नये. थोड्याशा मात्रेनेही एवढासा जीव दगावतो.

६) कुबट वास येणारे, जाळी धरलेले धान्य टाकून द्यावे. नवीन धान्य असल्यास चांगले वाळवून मगच द्यावे.

पाणी सकाळी ताजे व किंचित कोमट द्यावे. रात्री भांड्यात राहिलेले गार पाणी सकाळी ओतून टाकावे. फिंचना अंघोळ फार आवडते व ती पिसांच्या निगेसाठी आवश्यकही आहे. परंतु अंघोळीचे उथळ भांडे उन्हाच्या वेळी, ११ ते २ या दरम्यानच ठेवावे आणि नंतर उचलून घ्यावे. चारनंतर भिजलेला पक्षी रात्रीपर्यंत कोरडा होत नाही.

प्रकाशाची वेळ

खोलीत साधा एलईडी दिवा संध्याकाळी तास-दीड तास लावल्यास पक्ष्यांना दाणा टिपायला तेवढा वेळ अधिक मिळतो. वेळ रोज एकच ठेवावी व एकूण उजेड १२ तासांहून फार वाढू देऊ नये. मोठा दिवा एकदम बंद केल्यास पक्षी दांडीपर्यंत पोहोचत नाहीत व अंधारात धडपडतात. म्हणून मंद दिवा दहा-पंधरा मिनिटे सुरू ठेवून मग तो बंद करावा. रात्रभर उजेड ठेवू नये. पक्ष्यालाही झोप लागते.

ऊब देताना घ्यावयाची दक्षता

पारा १० अंशांच्या खाली गेल्यास पिंजऱ्याच्या बाहेर, एका बाजूला, उष्णता देणारा पण उजेड न देणारा सिरॅमिकचा बल्ब लावता येतो. पिंजऱ्याची दुसरी बाजू गारच राहू द्यावी, म्हणजे पक्षी आपल्या सोयीने जवळ किंवा दूर बसतो. बल्ब गोणपाटापासून दीड-दोन फूट लांब असावा. वायर पक्ष्यांच्या चोचीला लागणार नाही असे पाहावे. वीज गेल्यास बाटलीत गरम पाणी भरून, ती फडक्यात गुंडाळून पिंजऱ्याला बाहेरून टेकवून ठेवावी.

बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा निखाऱ्यांची घमेली कदापि ठेवू नये. कोळसा धुमसताना जो विषारी वायू निघतो, त्याला रंग नसतो, वास नसतो. पक्षी तर त्याने मरतातच, परंतु त्याच खोलीत झोपलेली माणसेही सकाळी उठत नाहीत. पक्ष्यांच्या हौसेपायी घरच्यांचा जीव धोक्यात घालू नये.

पक्ष्यांची श्वसनसंस्था अत्यंत नाजूक असते. पहाटेच्या शेकोटीचा धूर, डासांची कॉइल, अगरबत्ती, फवारणीचा उडून येणारा अंश यांपासून पिंजरा दूर असावा. बागेत फवारणी चालू असताना त्या बाजूच्या खिडक्या बंद ठेवाव्यात. नॉनस्टिकचा तवा कोरडा तापून जळल्यास निघणारी वाफही पक्ष्यांना काही मिनिटांत मारते, म्हणून स्वयंपाकघर उबदार वाटले तरी तेथे पिंजरा ठेवू नये.

थंडीत अंडी-पिल्ले नकोत

झेब्रा फिंचला घरटे व गवत मिळाले की ती थंडी-वारा न पाहता अंडी घालू लागते. कडक थंडीत, विशेषतः चुना कमी पडलेल्या मादीच्या पोटात अंडे अडकते. मादी पिसे फुलवून तळाशी बसते, जोर करते आणि उपचार न मिळाल्यास एक-दोन दिवसांत मरते. पिल्ले निघालीच तर तीही गारठतात. म्हणून डिसेंबर व जानेवारीत झेब्रा फिंचच्या पिंजऱ्यातील टोपल्या, मडकी व काथ्या काढून घ्यावा. बंगाली फिंचना झोपण्यासाठी टोपली लागते. त्यांना ती राहू द्यावी, परंतु गवत-काथ्या देऊ नये व नर-मादीची खात्री असल्यास वेगळे ठेवावे. फेब्रुवारीच्या मध्यानंतर थंडी ओसरली की जोड्या पुन्हा लावता येतात.

नवीन पक्षी आणायचे असल्यास दसऱ्याच्या सुमारास आणावेत. थंडी हळूहळू वाढत असताना पक्ष्यांना तिची सवय होते. भर जानेवारीत दुकानातील उबदार खोलीतून आणून पडवीत टांगलेला पक्षी सहसा तग धरत नाही.

आजाराची लक्षणे व प्रथमोपचार

पहाटे सर्वच पक्षी पिसे फुलवून बसतात, त्याची काळजी करू नये. ऊन आल्यावर, दाणा खाल्ल्यावर पिसे अंगासरशी बसली पाहिजेत व पक्षी उड्या मारू लागला पाहिजे. सकाळी नऊ-दहानंतरही जो पक्षी फुललेला, डोळे मिटून, तळाशी किंवा दाण्याच्या भांड्यात बसलेला दिसेल, श्वासाबरोबर ज्याची शेपटी वर-खाली होत असेल, तो आजारी समजावा. छातीचे मधले हाड बोटाला धारेसारखे लागत असेल तर पक्षी उपाशी अथवा आजारी आहे.

अशा पक्ष्याला ताबडतोब वेगळ्या लहान पिंजऱ्यात किंवा हवेसाठी छिद्रे पाडलेल्या खोक्यात ठेवावे. आत सुमारे ३० अंश ऊब राहील अशी सोय करावी. दाणा व पाणी अगदी चोचीजवळ ठेवावे आणि पशुवैद्यकास दाखवावे. बरा झाल्यावरही ऊब एकदम काढू नये, ती तीन-चार दिवसांत थोडी थोडी कमी करावी. अंगाला तेल किंवा बाम चोळू नये, कारण पिसे चिकटून त्यातील हवेचा थर नाहीसा होतो. चोचीत दारूचे थेंब टाकणे, माणसांच्या गोळ्या कुटून देणे असे उपाय जिवावर बेततात.

रोजचे वेळापत्रक

सकाळी सूर्योदयाला आच्छादन काढावे, कोमट पाणी द्यावे, तळाचा कागद बदलावा व प्रत्येक पक्षी नजरेखालून घालावा. दुपारी ११ ते २ हिरवा पाला व अंघोळीचे भांडे ठेवावे. चार वाजता फोलपटे उडवून दाणा भरावा. दिवेलागणीला तीन बाजूंनी आच्छादन करावे. एवढ्या सगळ्याला दिवसाकाठी वीस मिनिटे पुरतात व शाळेत जाणारी मुलेही हे काम आनंदाने करतात. चार वाजता मुले शाळेत असतील तर दाणा भरण्याचे काम घरातील मोठ्या माणसाने आपल्याकडे घ्यावे.

पिंजऱ्यातील पक्षी ऊन शोधत जाऊ शकत नाही, आडोसा बदलू शकत नाही की दुसऱ्या शेतात दाणा टिपायला जाऊ शकत नाही. ते सर्व आपण त्याच्यासाठी करावयाचे असते. वारा अडवा, ओल टाळा आणि संध्याकाळी भांड्यात फोलपट नव्हे, दाणा आहे याची खात्री करा, म्हणजे संक्रांत उलटून थंडी सरेपर्यंत आपले पक्षी सुखरूप राहतील.